राणीचं लग्न आणि आईचा कौल

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. उद्याचा तास आदल्या संध्याकाळी आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. त्या दिवशी इंग्लंडची ट्यूडर राणी होती. राजपुत्रांना वर्षानुवर्षं झुलवत ठेवून ती बिनलग्नाची राहिली आणि चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं.

कोळंबी सोलता सोलता आई फणकारली, "आईबापांनी बरं चालवून घेतलं!"

"ती तीन वर्षांची व्हायच्या आत बापानं तिच्या आईचं डोकं उडवलं होतं."

आईचा हात थांबला. "मग कशाला करील लग्न? बरं केलंन."

माझ्यासाठी स्थळ आलं की आई ग्रामदेवतेला कौल लावायची. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तोवर आलेल्या तिन्ही स्थळांना डावीच पडली होती, आणि मला एकदाही वाईट वाटलं नव्हतं.

त्या रविवारी देवळात आईनं स्थळाचा विषयच काढला नाही. "माझी लेक अशीच सुखात राहील ना?" एवढंच विचारलं. उजवी पाकळी लगेच पडली.

"बघ," मी म्हटलं, "आज कुठे तू देवाला नीट विचारलंस."