सावली भेटली की तळ

वाशिमच्या आमच्या दवाखान्यात डिजिटल मायक्रोस्कोप आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या मानेला झाला. इतकी वर्षं भिंगावर वाकून डोळ्यांची ऑपरेशनं केली होती. आता ताठ बसायचं, खास चष्मा लावायचा आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत पेशंटच्या डोळ्यातला पडदा सांभाळायचा. खोलीचा अंदाज सगळा त्या चष्म्यावर. पहिले काही दिवस चिमटा मला वाटे तिथे नसायचाच. मी ते कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंचा तोरा आडवा आला.

त्याच सुमारास इंझोरीहून एक काका आले. विहिरींतला गाळ काढण्यात त्यांची हयात गेलेली. एक डोळा लहानपणीच काट्यानं गेला होता आणि उरलेल्या एकुलत्या डोळ्याच्या पडद्यावर पापुद्रा धरला होता. तो सोलून काढायचा होता. हात केसभर खाली गेला असता तर काकांना कायमचा अंधार. तपासताना मी सहज विचारलं, एका डोळ्यानं विहिरीची खोली कशी कळते?

“सोपं हाय, बाई. बादली सोडाची न् तिची सावली पाहाची. बादली वर असली का सावली दूर दिसते. खाली गेली का जवळ येते. दोघी भेटल्या का तळ आला.”

मी कौतुक केलं, पण वरवरचं.

ऑपरेशनच्या वेळी स्क्रीनवर चिमटा पापुद्र्याला टेकलेला दिसला. मी तो मिटला, तर हाती काहीच आलं नाही. आणखी किती खाली जायचं? तेवढ्यात चिमट्याची सावली दिसली. डाव्या हातानं डोळ्यात धरलेल्या बारीक दिव्यामुळे पडलेली, चिमट्यापासून चांगली दूर. इतके दिवस ती तिथेच असणार. चष्म्याच्या नादात मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता तिच्यावर नजर ठेवून हात उतरवत गेले. दोघं भेटली तिथे थांबले. पापुद्रा अलगद निघाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काकांनी माझी बोटं बरोबर मोजली. मला इतकं हलकं वाटलं की सावलीची गोष्ट मी सगळी सांगून टाकली, हात चाचपडल्याचीसुद्धा. वाटलं, खूश होतील.

काकांनी तो एकुलता डोळा माझ्यावर रोखला.

“तळ दिसत नसला तं आमी उतराच्या आधी वरच्या माणसाले सांगतो, बाई,” ते म्हणाले. “तुमी मले काहून नाई सांगतलं?”