फोटोपुरता केक

“आडनाव काय गं तुझं?”

आजींचा हात माझ्या डोक्यावर होता तेव्हा. मी आडनाव सांगितलं. हात निघाला. चटका बसावा तसा.

प्रताप नगरातलं घर. आजींची पंचाहत्तरी. आजी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणून तीन थरांचा केक आणि सगळ्यात वर पुस्तकांची चळत पाहिजे होती. मी ज्या बेकरीत कामाले होती, तिथं असे केक फक्त मालकीण मॅडम कोरत. मी आधी भांडी घासली, मग स्पंज भाजायले शिकली. पंचाहत्तरीच्याच हप्त्यात मॅडमचं मनगट मोडलं. म्हणाल्या, “तूच कर. बिघडला तर तोंड दाखवू नको.”

पहिला स्पंज कोरताना फुटला. सुरी दाबली मी. हातात भुगा. रडू आलं. दुसरा स्पंज फ्रिजमध्ये कडक केला. दातेरी सुरी हलक्या हातानं चालवली, करवतीसारखी. कोपरे निघाले. पानांच्या कडा निघाल्या. खालच्या थरांत आधाराच्या काड्या रोवल्या, वर पुस्तकं ठेवली. श्वास धरून पाहिलं. हललं नाही. मले वाटलं, आपल्या हातातबी काही आहे.

आजींनी केक पाहिला. “अगं बाई, माझी पुस्तकं!” कोणी केला विचारलं. मॅडमच्या हाताले प्लास्टर. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणून तो हात डोक्यावर आला होता.

हात काढून आजी मुलाले म्हणाल्या, “हा फोटोपुरता राहू दे. खायला दुसरा मागव.”

हळू बोलायचीबी गरज वाटली नाही त्यांना.

मॅडमनं मले बाजूले ओढलं. “दुसरं काही आडनाव सांगायचं ना. कोण तपासायला येतंय?”

दुसरा केक आला. आमच्या केकवर सुरी धरून फोटो निघाले. सुरी टेकलीबी नाही. मग तो सरकवला आणि दुसरा कापला. टाळ्या वाजल्या. मी भिंतीले टेकून उभी.

शेवटी आजींचा मुलगा आला. चांगल्या तोंडानं म्हणाला, “हा घेऊन जा. तुमच्या वस्तीत वाट. पोरं खुश होतील.”

तिथं माझं काहीतरी तुटलं. मी रिबन बांधलेली ती सुरी उचलली. वरचं पुस्तक कापलं. सगळ्यांसमोर तोंडात घातलं. सावकाश चावलं. गिळलं.

“मी केला. पहिला घास माझा. उरलेला तुम्ही फेका. तुमच्या हातानं फेका.”

आजी खाली पाहत राहिल्या.

गाडीत बसायच्या आधीच मॅडमनं सांगितलं, “उद्यापासून येऊ नको.”

घरी आईले सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. “काहून बोलली वं? दोन घास सुखाचे होते.” भूक खरी आहे. बाबांचं औषध खरं आहे.

त्यानंतर दोन बेकऱ्यांत गेली. काम दाखवा म्हणाले, दाखवलं. मग नाव. मग आडनाव. मग “कळवतो.”

आज लकडगंजात एका ठिकाणी चालली. आई दारातून म्हणाली, “यावेळी तरी गप राहा.”

नाही राहणार. विचारलं तर सांगीन. नाही विचारलं तरी सांगीन. आधी सांगीन, मग सुरी हातात घेईन.