धूर न केलेलं घर

मलेरिया कसा पसरतो हे शोधायला आम्ही इस्लापूरकडच्या एका गावात सकाळी घरोघरी जाऊन भिंतीवरचे डास नळीनं ओढून घ्यायचो. एका बाईच्या घरात ते नेहमीच भरपूर सापडत. मी भिंतीशी गेलो, की श्वासानं डास उडू नयेत म्हणून ती तोंडावर पदर धरून उभी राही. तिच्या दंडांवर गांधी उठलेल्या असत.

एकदा मी विचारलं, “मावशी, सगळं गाव संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतं. तुम्ही का करत नाही?”

“माझी लेक मलेरियानं गेली, सायब. धूर केला तर डास पळतेत. मंग तिला चावलेला तुमाला कसा घावंल?”

मी कसंबसं म्हणालो, “आजपासून धूर करा, मावशी.”

तिनं माझ्या हातातल्या नळीकडं टक लावून पाहिलं.

“म्हंजे, घावला का त्यो?”