वस्तुचित्रातलं संत्रं
आज वर्गात स्टुलावर संत्रं मांडलं, बोटांना त्याचा वास लागला आणि अमरावतीतलं आमचं भाड्याचं घर आठवलं. पुढच्या खोलीत मी चित्रकला शिकवायचे. एके दिवशी सतरंजीवर बसून मुली वस्तुचित्र काढत होत्या. स्टुलावर तांब्या, निळं फडकं आणि मोर्शीहून आलेलं पानासकट एक संत्रं. धाकटा रडायला लागला म्हणून मी त्याला झोपवायला आत गेले. परत येते तर माझी तीन वर्षांची थोरली स्टुलाखाली बसून संत्र्याच्या फोडी खातेय, हनुवटीवरून रस गळतोय आणि मुलींची चित्रं अर्धवट! मी ओरडणार, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "राहू द्या मॅडम, खाऊ द्या तिले. आमी सालीचंच चित्र काढतो." सगळ्यांनी खोडरबर उचललं. थोरलीनं शेवटची फोड माझ्यापुढे धरली, "आई, तुले?" मी ती तोंडात टाकली आणि तशाच भरल्या तोंडानं मुलींना सालीच्या आतली सावली समजावत बसले. आता दोन्ही पोरं दूर आहेत. मांडलेलं संत्रं सुकेपर्यंत स्टुलावर तसंच राहतं.