आठ आठवड्यांचं घर

स्वानंदी वानखडेला त्या ऑनलाइन सॉलिसिटर कंपनीचं नाव मी दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना ते माझ्या मनात असणारच आहे.

स्वानंदी आयर्लंडमध्ये ट्रलीला राहते. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरची व्यवस्था सांभाळते. डब्लिनला आल्या आल्या आम्ही दोघी एकाच भाड्याच्या घरात राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. मग मी लग्न करून डब्लिनच्याच ब्लँचर्डस्टाउन भागात आले आणि ती नोकरीसाठी ट्रलीला गेली. तिने लग्न केलं नाही. मूळची अचलपूरची. ती कॉलेजात असतानाच आई गेली, भावंडं नाहीत, मागे एकटे वडील, प्रकाशकाका.

काका अर्जनवीस होते. अचलपूरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची खरेदीखतं आणि वाटणीपत्रं लिहून दिली. स्वानंदीच्या शिक्षणाचा सगळा खर्च त्या टेबलावर निघाला. पण लेकीकडे यायचं म्हटलं की ते टाळायचे. "तुझं घर झालं का येतो," म्हणायचे. "भाड्याच्या घरात काय पाहुनं याव?"

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला घर सापडलं. ट्रलीच्या बाहेर, समुद्राच्या दिशेला, एका बोरीनच्या टोकाशी. बोरीन म्हणजे दोन्ही बाजूंना झुडपं असलेली, एकच गाडी जाईल एवढी अरुंद वाट. घर जुनं होतं पण कोरडं होतं, आणि खाली एक झोपायची खोली होती. काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे खालची खोली तिला हवीच होती. ऑफर मान्य झाली त्याच संध्याकाळी तिने काकांचा व्हिसाचा अर्ज भरला. व्हिसा नव्वद दिवसांचा. एप्रिलच्या अखेरीस यायचं, जुलैच्या अखेरीस परत.

आता प्रश्न राहिला सॉलिसिटरचा. इथे घराच्या कागदपत्रांचं काम सॉलिसिटर म्हणजे वकीलच करतो. ती गावातल्या एका बाईंना भेटून आली. मॉरीन केसी नाव, साठीच्या पुढच्या, औषधाच्या दुकानावर वरच्या मजल्यावर ऑफिस.

"कशा वाटल्या?" मी फोनवर विचारलं.

"चांगल्या आहेत गं. चहा दिला. पण मी किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाल्या, ते आत्ता सांगता येणार नाही. आधी मला ती बोरीन चालून बघायची आहे, म्हणाल्या. चालून काय बघायचंय, वीणा? माझ्याकडे नव्वद दिवस आहेत."

आमचा फ्लॅट आम्ही एका ऑनलाइन सॉलिसिटर कंपनीकडून घेतला होता. सगळं मोबाइलवर. कागद अपलोड करायचे, एकेक टप्पा झाला की समोर हिरवी खूण यायची. एकदाही कुणाला भेटावं लागलं नाही आणि काम सुरळीत झालं. मी ते तिला सांगितलं. त्यांच्या वेबसाइटवर 'साधारण आठ आठवडे' असं लिहिलेलं होतं. आमचा फ्लॅट नव्या इमारतीतला, सगळ्यांचे कागद एकाच साच्यातले, आणि तिचं घर कुणाच्या तरी शेतातून वाट काढत जाणारं, हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तिच्याही आला नाही. तिने आठ आठवडे मोजले, काका असतानाच किल्ली मिळत होती, आणि तिने त्याच दिवशी फॉर्म भरला.

काका आले. डब्लिनला विमानतळावर मीही गेले होते. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर, हातात पिशवी. गाडीत बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "स्वानू, तो वकील कुठी बसते?"

"बसत नाही बाबा. ऑनलाइन आहे."

"म्हंजे त्याले पायलंच नाई तू?"

"गरज नसते इथे."

काकांनी मफलर नीट गुंडाळला. मग म्हणाले, "असंल बाप्पा. तुमचा देश मोठा हाय."

मे महिन्यात ती दोघं रोज संध्याकाळी घर बाहेरून बघायला जायची. घरात कुणी राहत नव्हतं, मालकीण ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेलेली. बोरीनच्या तोंडाशी डेनिस नावाचा म्हातारा शेतकरी राहायचा. काकांचं इंग्रजी सगळं खरेदीखतातलं, आणि डेनिसचं तिथल्या केरी जिल्ह्याकडचं, स्वानंदीलाही अर्धंच कळणारं. तरी दोघं कुंपणाला टेकून तासभर उभे असत. काय बोलता म्हणून तिने विचारलं तर काका म्हणाले, "जमिनीचं बोलतो. दुसरं काय बोलते म्हातारा मानूस?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने नकाशा अपलोड केला. काकांना स्क्रीनवर नीट दिसेना, म्हणून तिने तो छापून आणला. त्यांनी तो टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि पट्टी मागितली. अर्ध्या तासाने तिला हाक मारली.

"पाय. ही लाल रेघ म्हंजे आपली हद्द ना? ते फाटकापाशी संपते. मंग फाटकापासून सडकेपर्यंत जे वाट हाय, ते कोनाची?"

"सगळे तिथूनच जातात बाबा."

"जातात ते दिसते मले. पन जायाचा हक कुठी लिवला हाय? डेनिस म्हनते ते वाट त्याच्या भावाच्या नावावर होती. भाऊ मेला. मंग आता कोनाची?"

तिने कंपनीला मेसेज टाकला. उत्तर आलं की तुमचा प्रश्न संबंधित टीमकडे पाठवला आहे. चार दिवसांनी पुन्हा टाकला. या वेळी उत्तर देणारं नाव वेगळं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. फोन केला तर फाइल कुणाकडे आहे हेच कुणी सांगेना. आठ आठवडे कधीच उलटून गेले होते. जूनही संपला. पाच हिरव्या खुणा आल्या होत्या, सहावी काही येईना. आणि काका रोज सकाळी चहाबरोबर विचारत, "वाटेचं काय झालं?"

जुलैमधल्या एका सकाळी तिचा तोल गेला. त्या दिवशी हॉस्पिटलात नवी यंत्रणा सुरू व्हायची होती, ती आधीच ताणात होती.

"बाबा, हे अचलपूरचं तहसील नाही! इथे कुणी टेबल टाकून बसत नाही. इथली माणसं शिकलेली आहेत, त्यांना त्यांचं काम कळतं."

काकांनी कप खाली ठेवला. "बरोबर हाय तुझं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी वाटेबद्दल एकदाही विचारलं नाही. तिने संध्याकाळी येऊन माफी मागितली. "अवं त्यात काय," म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली. पण नकाशा त्यांनी घडी करून तिच्या फाइलमध्ये ठेवून दिला होता.

व्हिसा संपत आला. निघण्याच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा घरापाशी गेली. किल्ली नव्हतीच. काकांनी खालच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांची ओंजळ धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उजेड चांगला हाय," एवढंच म्हणाले.

विमानाच्या दिवशी दुपारचं जेवण आमच्याकडे होतं. स्वानंदी गाडीत सामान लावत होती तेव्हा काका मला म्हणाले, "वीणा, तिनं मले बोललं त्याचं तिले लागून रायलं. मले काई वाटलं नाई म्हनून सांगजो. मी सांगतो तर तिले खोटं वाटते."

मी हो म्हणाले. ते मी तिला सांगितलं, पण फार उशिरा सांगितलं.

ऑगस्टच्या मध्याला कंपनीचा मेल आला. तुमच्या बँकेला वाटेच्या हक्काचा लेखी पुरावा हवा आहे, तो नसल्यास कर्ज मिळणार नाही. खाली लिहिलं होतं की जूनमधला तुमचा या विषयावरचा प्रश्न आम्हाला फाइलमध्ये आढळला, विलंबाबद्दल दिलगीर आहोत. म्हणजे काकांनी पट्टी लावून जे अर्ध्या तासात दाखवलं होतं ते दहा आठवडे कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

ती त्याच दुपारी औषधाच्या दुकानावरचा जिना चढली. मॉरीनने काही बोलून दाखवलं नाही. फाइल मागवून घेण्याच्या पत्रावर तिची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्या गमबूट घालून बोरीन चालून आल्या. डेनिसच्या भावाला त्या ओळखत होत्या, त्याचं मृत्युपत्र कुणाच्या ऑफिसात आहे हेही त्यांना माहीत होतं. मृत्युपत्राप्रमाणे वाट डेनिसकडेच आली होती, नाव लावायचं राहून गेलं होतं. डेनिस लगेच सही द्यायला तयार झाला.

"ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली?" मॉरीनने विचारलं.

"माझ्या वडिलांच्या."

"ते वकील आहेत?"

"नाही. पण चाळीस वर्षं खरेदीखतं लिहिली आहेत त्यांनी."

मॉरीन म्हणाल्या, लाव फोन. तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. काका बनियनवर होते, घाईने शर्ट घालून आले. आणि आपल्या दस्ताच्या इंग्रजीत त्यांनी मॉरीनना विचारलं की सदर वाटेचा हक्क घराला कायमचा जोडला जाणार की फक्त मालकाच्या हयातीपुरता. मॉरीन हसल्या. "घराला, मिस्टर वानखडे, कायमचा," म्हणाल्या. मग स्वानंदीकडे वळून म्हणाल्या, "ग्रँड माणूस आहे. मला असा एक ऑफिसात हवा होता."

त्या दिवशी काका खूप खूश होते. रात्री शेजारच्या जयेशला त्यांनी सगळं दोनदा सांगितलं, इंग्रजीसकट.

त्यानंतर बारा दिवसांनी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, काका दुपारचं जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. चहाला हाक मारायला आलेल्या जयेशला ते तसे सापडले. स्वानंदी दोन विमानं बदलून नागपूरला आणि तिथून गाडीने अचलपूरला पोचली तेव्हा अंगणात माणसं ताटकळत बसली होती. अग्नी तिनेच दिला. कुणी आडकाठी केली नाही. तहसील कचेरीबाहेरची दोन-तीन टेबलं त्या दिवशी बंद होती, असं तिला नंतर कळलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घराचा व्यवहार पूर्ण झाला. मॉरीनने किल्ली पाकिटात न घालता तिच्या हातात दिली आणि हात थोडा वेळ धरून ठेवला. मी डब्लिनहून ट्रेनने गेले होते. आम्ही नारळ नेला नव्हता, काहीच नेलं नव्हतं. दार उघडून ती सरळ खालच्या खोलीत गेली आणि लाकडी जमिनीवर बसली.

तेव्हा मी तिला काकांचा निरोप सांगितला.

"हे तू मला जुलैमध्ये का नाही सांगितलंस?"

"वाटलं, आहे की वेळ." मग म्हणाले, "आणि ती कंपनी पण मीच सुचवली."

"कंपनीचं जाऊ दे," ती म्हणाली. "मॉरीन म्हणाली होती, सांगता येणार नाही. ती खरं बोलत होती. मला खरं नको होतं वीणा, मला आठ आठवडे हवे होते."

मग ती रडली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच, असं ती नंतर म्हणाली. मी शेजारी बसून राहिले. बाहेर डेनिसचा कुत्रा भुंकत होता आणि मालक त्याला गप्प करत होता.

आता ती तिथे राहते. वरच्या मजल्यावर झोपते. मॉरीनकडे तिचं अधूनमधून जाणं असतं, काही काम नसलं तरी. हॉस्पिटलात नव्या आलेल्या मराठी मुली घर घेताना तिला विचारतात, सॉलिसिटर ऑनलाइन घ्यावा का गावातला. ती त्यांना उत्तर देत नाही. घर कसं आहे, नवं की जुनं, वाट कुणाची, एवढं विचारते. आणि मग विचारते, तुम्हाला घाई कशाची आहे?