मेंबरकाकींची नीळ

पाणी प्यायच्या आधी मेंबरकाकी ते दुहेरी फडक्यातून गाळत, तांब्या उन्हात धरून आत डोकावत आणि मग पाण्यानंच काही आगळीक केली असावी अशा चेहऱ्यानं पीत. मुळशीतल्या त्या गावी मी मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पुण्याहून आणलेला माठ फोडायला लावला. "त्यात शेवाळ हाय, गुरुजी. शिकल्याल्या मानसानं असलं पानी प्यावं व्हय?" मला शेवाळ दिसलं नाही, पण काकींना दिसलं म्हणजे ते होतंच. पुढं मला ताप आला, तेव्हा याच काकी उशाशी बसून पेज भरवत होत्या. तीही गाळलेली.

ग्रामपंचायतीत त्या बायकांच्या वतीनं मेंबर होत्या. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी गावात नळानं आलं, याचं श्रेय त्या स्वतःकडं घेत आणि ते बरंचसं खरंही होतं. टाकीतून निघालेला पाइप आधी काकींच्या अंगणात येई आणि उतारानं जाऊन खालच्या मजुरांच्या वाडीत संपे. घरात नळ एकट्या काकींचा. वाडीला सगळ्यांत मिळून एक.

काकींच्या नळाला रबरी नळी होती. तिचं तोंड म्हशींच्या दगडी डोणीत बुडवून वर धोंडा ठेवलेला असे, कारण वरून धार पडली की अंगणात चिखल होतो. नळ कायम उघडा. सकाळी टाकीचा कॉक सोडला की डोण आपली आपण भरावी. पुण्याच्या पाहुण्यांना काकी ही युक्ती मुद्दाम नेऊन दाखवत. कॉक बंद झाल्यावर मात्र डोण अर्ध्याखाली उतरलेली असे. "म्हशी लई पित्यात," काकी म्हणत. म्हशी त्या वेळी रानात असतात, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "मंग डोन झिरपती," त्या म्हणाल्या आणि गवंडी बोलावून डोणीला आतून सिमेंट लावून घेतलं.

नळ आल्यापासून वाडीतली पोरं सारखी आजारी पडू लागली. कुणाला जुलाब, कुणाला ओकाऱ्या. शाळेत मागची बसकरपट्टी रिकामी दिसे. काकींचं निदान तयार होतं. "त्यास्नी घानीत ऱ्हायाची सवं. नळाखाली भांडी घासत्यात, तितंच न्हात्यात, आन तेच पानी पित्यात. आपुन बगितलं न्हाई तर कोन बगनार?" आणि बघून त्यांनी पंचायतीत ठरावच मांडला: वाडीचा नळ बंद करावा, वाडीनं पूर्वीसारखं ओढ्यावर जावं. ओढा लांब होता, आणि चैत्रात त्यात पाण्यापेक्षा गुरंच जास्त असत. पण काकींपुढं तोंड उघडायची पंचायतीत कुणाची टाप नव्हती.

ठरावाआधी पंचांनी वाडीतली घाण प्रत्यक्ष पाहावी, ही सूचनाही काकींचीच. मलाही त्यांनी साक्षीला घेतलं. जत्रा तोंडावर आलेली, म्हणून त्या सकाळी डोण घासून काकींनी तिच्यात नीळ कालवली होती आणि घरातली सगळी धोतरं बुडवून ठेवली होती. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा वरचा कॉक नुकताच बंद झाला होता. नळाला उरलंसुरलं पाणी येत होतं आणि सखू नावाची मजूर बाई हंडा लावून उभी होती. बघता बघता धार निळी झाली.

"देवीचा कोप हाय," एक पंच पुटपुटले. काकींनी हंड्यात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि वर आपल्या घराकडं पाहिलं. त्यांच्याबरोबर मलाही कळलं. वरून पाणी थांबलं की खालचा उघडा नळ काकींच्या नळीतून डोणीतलं पाणी ओढून घेत होता. म्हशींचं उष्टं रोज वाडीच्या हंड्यांत येत होतं. काकी गप्प बसल्या असत्या तर नळ तिथल्या तिथं बंद झाला असता. निळ्या पाण्याहून मोठा पुरावा पंचांना कुठून मिळणार?

"ही नीळ माजी हाय," काकी म्हणाल्या. "माज्या डोनीतली. नळ ऱ्हाऊ द्या." आवाज असा, की जणू वाडीला त्यांनी नीळ दान केली आहे. तरीही मला त्यांचा फार अभिमान वाटला. पंचांनी सुटल्यासारख्या माना डोलावल्या. सगळं छान मिटत होतं.

सखूनं हंडा पालथा केला. "नीळ व्हती म्हनून आज दिसली, काकी," ती म्हणाली. "रोज काय येत व्हतं?"

तिनं आवाज चढवला नव्हता. काकी मागं वळल्या आणि घराचा चढ चढू लागल्या.

घरी येताच त्यांनी कोयता घेऊन नळी तोडली, अशी आखूड की तिचं तोंड डोणीच्या हातभर वर लोंबत राहिलं. मग तशाच काठावर बसल्या. मी चहा आणला, तो घेतला नाही.

"गुरुजी, आजारी पडली ती पोरं कुनाकुनाची?"

मी शाळेतली नावं सांगू लागलो. प्रत्येक नावाला त्या "ह्यो कुनाचा?" म्हणून विचारत आणि बापाचं नाव सांगूनही त्यांना ओळख पटत नसे. वाडी समोर दिसत होती.

"ठकी," मी म्हणालो. "ती तर दोनदा आजारी पडली."

"ठकी कुनाची?"

"सखूची."

काकींनी कोयत्याचं पातं पदराला पुसलं.

"सखू कोन?" त्यांनी विचारलं.