वाईट फोटो काढणारा कॅमेरा

नवा कॅमेरा हातात आला की माणूस खूश होतो, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या हिच्या मामांनी ती पार मोडीत काढली. अख्ख्या कोल्हापुरात नव्या कॅमेऱ्यांची इतकी खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही, आणि नव्या कॅमेऱ्याला इतका भिणारा माणूस तर पृथ्वीतलावर नाही. दुकानात नव्या लेन्सचं खोकं उघडलं की मामा आधी मागे सरकतात. मग चष्मा पुसतात, हात धुऊन येतात, हात सदऱ्याला पुसतात, सदऱ्याचे धागे बोटांना लागले असतील म्हणून पुन्हा धुतात, आणि शेवटी मला म्हणतात, "पावणं, आधी तुमी धरा. माझ्या हातनं पडली म्हंजे काय करायचं?" मी त्यांच्या भाचीचा नवरा, म्हणून पावणं. लग्नाला एवढी वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पण पाहुण्याचा घरचा काही झालो नाही.

मामांचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान आहे. तिथे दिवसभर पातेली आदळतात, हंडे गडगडतात, त्याचं त्यांना काही नाही. पण त्याच रस्त्यावर कॅमेऱ्यांचं दुकान आहे, तिथे साधं शटर वाजलं तरी दचकतात. तरी तिथे गेल्याशिवाय चैन नाही! त्या दुकानाचे शेठ कुठलाही नवा कॅमेरा आला की मामांना एक दिवस वापरायला देतात, आणि संध्याकाळी मामा आपला अभिप्राय बोलून मोबाइलवरून सगळ्या ओळखीच्यांना पाठवतात. अभिप्राय कसला, भीतीचा पाढाच तो. "ह्यो खिशात मावणारा कॅमेरा लई हलका हाय. खिशात हाय का न्हाय ह्येच कळत न्हाय. माणसानं किती येळा खिसा चाचपायचा?" किंवा, "ही लेन्स लई लख्ख हाय. माणसाच्या तोंडावरलं सगळं दिसतंय. इतकं बघू नये हो कुणाचं." हळूहळू गिऱ्हाइकांच्या ध्यानात आलं, की मामा ज्याला जास्त भ्याले तोच माल चांगला. आता लोक दुकानात येऊन किंमत नंतर विचारतात; आधी विचारतात, "ह्येला काका कितपत भ्याले?"

दिवस मावळायच्या आत जेवण, हा मामांच्या घरचा जैन रिवाज. तो त्यांनी कॅमेऱ्यालाही लावला. अंधारातसुद्धा फोटो काढते म्हणून शेठनी मोठ्या तोंडाची एक लेन्स कौतुकानं पुढे केली, तर मामांनी हात जोडले. "उजेड म्हंजे त्येचं जेवण. दिवस बुडाल्यावर मी खात न्हाय, त्येला तरी कशाला चारू?" आणि मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स बदलायची म्हणजे तर घरात सुतक असल्यासारखी शांतता लागते. त्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स काढली की आतली नाजूक काच उघडी पडते. तिच्यावर धूळ बसेल म्हणून मामा पंखा बंद करतात, तोंडाला रुमाल बांधतात, मच्छरदाणी सोडून तिच्या आत बसतात, आणि बाहेर मामींना सक्त ताकीद असते, की फोडणी द्यायची नाही. बुरशीच्या भयानं एक लेन्स त्यांनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. मामी सकाळी भाताला तांदूळ घ्यायला गेल्या आणि मापट्यात लेन्स! "अवो, ह्ये काय भातात शिजवू का आमटीत?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामांचा चेहरा मी पाहिला आहे. तसा चेहरा लोक अपघातातून वाचल्यावर करतात.

पावसापाण्यात चालणारी लेन्स आली, तेव्हा तिची परीक्षा चंदगडला घ्यायची ठरली. पावसाची खात्री तिथलीच. आम्ही एसटीनं गेलो. उतरलो तेव्हा असा काही धो धो कोसळत होता, की समोरची काजूची झाडं दिसेनात. मामांनी छत्री उघडली आणि ती कॅमेऱ्यावर धरली. स्वतः बाहेर. मी म्हटलं, "अहो मामा, ती भिजूनही चालते का तेच बघायला आलोय ना आपण?" तर ओठ निळे पडलेला तो गृहस्थ म्हणतो, "कंपनी म्हनती चालते. कंपनीला काय जातंय म्हनाय?" पुढे एक खिशात मावणारा कॅमेरा घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेलो, तो मुद्दाम यात्रेचा नसलेला दिवस बघून. कारण त्या बारक्या कॅमेऱ्याचं नळकांडं आतबाहेर होतं, आणि गुलाल आत गेला म्हणजे कॅमेरा जन्माचा गुलाबी झाला, हे कोल्हापुरातल्या सगळ्या फोटोवाल्यांचं जुनं भय. पायऱ्यांवरच्या एका दुकानदारानं एवढ्या लांबून मामांना ओळखलं, "चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली, आणि मायेनं मूठभर गुलाल उधळला. मामा कॅमेरा पोटाशी धरून पायरीवर आडवेच झाले. माणूस गेला की काय म्हणून चार बायका धावत आल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काय खोटं नाही.

पण ह्या सगळ्या लहानसहान भयांच्या मुळाशी एक मोठं भय होतं. मामा कधी माणसाचा फोटो काढत नसत. कॅमेरा कुठलाही असो, ते काढत पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी, रंकाळ्याची भिंत, नाहीतर दुकानातला हंडा. मला आधी वाटलं, असेल एकेकाची आवड. मग हिनं एकदा बैठकीच्या खोलीतल्या तसबिरी दाखवल्या. पहिली मामांच्या वडलांची. काय सुंदर फोटो! मिशीचा केसन्‌केस मोजून घ्यावा. तरुणपणी मामांनी मोठ्या हौसेनं काढला, आणि वर्ष उलटायच्या आत वडील गेले. तोच फोटो मोठा करून त्याला चंदनाचा हार घातला. दुसरी थोरल्या भावाची. तीही मामांनीच काढलेली, तशीच देखणी, आणि तीही तशीच भिंतीवर चढलेली. तिसरे एक व्याही. चांगले धडधाकट, उसाच्या फडात दिवसभर उभे राहणारे. लग्नात मामांनी त्यांचा एक झकास फोटो टिपला आणि पुढच्या दिवाळीला... जाऊ दे. तेव्हापासून मामांनी मनाशी पक्कं धरलं, की आपण मायेनं काढलेला चांगला फोटो भिंतीवर चढतो. नातेवाईक थट्टा करायचे, लग्नकार्यात मामांनी कॅमेरा वर केला की मंडळी खांबामागे दडायची, "मामा, अजून नातवाचं बारसं बघायचंय!" म्हणून ओरडायची. सगळे हसायचे. मामाही हसायचे, पण कॅमेरा खाली घ्यायचे.

आणि गेल्या हिवाळ्यात मामींच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, तारीख घ्या. मामी मोठ्या खमक्या. घरी आल्या, चहा ठेवला, आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "अवो, जायच्या आदी माझा एक चांगला फोटू काढा."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "कशाला? आधार कार्डावर हाय की."

"त्यो? त्यात मी चोरी करताना घावल्यावानी दिसते. काय बरंवाईट झालं तर त्यो लावणार व्हय भिंतीवर? मोठं कॅमेऱ्यातलं कळतंय तुमास्नी, सगळं गाव इचारतंय, आन् बायकूचा एक धड फोटू न्हाय घरात!"

दुसऱ्या दिवसापासून मामांनी कॅमेऱ्याच्या दुकानात ठाणच मांडलं. रोज नवा कॅमेरा घ्यायचा, दिवसभर हाताळायचा, संध्याकाळी परत. कुठलाच पसंत पडेना. मोबाइलवरचे अभिप्राय बंद झाले. ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली. शेवटी शेठ वैतागले. "काका, तुमास्नी नक्की पायजे तरी काय? सांगा तरी, मागवून देतो."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ज्येच्यात फोटू वाईट येतोय, असा एखादा कॅमेरा दावा."

शेठना हसू फुटलं. मलाही फुटलं. मामा मात्र हसत नव्हते. "हासू नगा. तिला न्हाय म्हनाय माझी जीभ वळत न्हाय. फोटू काढला असं तर झालं पायजे, पर त्यो भिंतीवर लावायच्या लायकीचा व्हायला नगो. चांगला आला तर ती जाईल हो, पावणं." एवढं बोलून ते रडायलाच लागले, भर दुकानात. शेठनी पाणी आणलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, तसला कॅमेरा आता कुठलीच कंपनी काढत न्हाय हो. हात हलला तरी ह्ये स्वतःच सावरून घेतंय, आन् समोर माणूस आला की आपणहून त्येचा डोळा धरतंय. वाईट काढायचा म्हटला तरी निघत न्हाय."

तरी मामांनी, मामी बऱ्या होईपर्यंतच्या बोलीवर, त्यातल्या त्यात एक खिशात मावणारा निवडला. बारका आहे, काहीतरी चुकेलच, ह्या आशेवर.

इस्पितळात जायच्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेलो, तर मामी दारात हिरवं इरकल नेसून, वेणी घालून, खुर्चीवर बसलेल्या. समोर मामा. ते मुद्दाम हात हलवत होते, हलवत काय, चाळण चाळावी तसा कॅमेरा चाळत होते. मी मागून पडद्यावर बघत होतो. डोळा धरणारा तो हिरवा चौकोन मामींच्या डोळ्यावर बसला तो बसलाच. मामा डावीकडे झुकले, चौकोन तिथेच. उजवीकडे झुकले, तिथेच. मग त्यांनी डोळे मिटले, मान फिरवली, आणि बटण दाबलं. तोवर नवऱ्याचा तो नाच बघून मामी खळखळून हसायला लागल्या होत्या.

फोटो? काय सांगू तुम्हाला! डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, हसताना दिसलेला पुढचा पडका दात, सगळं जिवंत. बापजन्मात असा फोटो मी पाहिला नव्हता. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पुसून टाकायचं बटण शोधायला लागले, तर मामींनी कॅमेरा हातातून काढून घेतला, टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच. ह्येला हात लावाल तर बघा."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो. कॅमेरा मामांच्या मांडीवर, रुमालात गुंडाळलेला. "पावणं, आता पुसून टाकला तर चालंल का? तिला कुठं कळणाराय?" असं ते मधेच विचारायचे, रुमाल सोडायचे, आणि परत बांधायचे. पुसला आणि काही झालं, तर तिच्या आवडीचा एकुलता एक फोटो गेला. ठेवला आणि काही झालं, तर आपणच केलं. असल्या कात्रीत सापडलेल्या माणसाला मी काय समजावणार? शिकलासवरलेला मी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण खरं सांगतो, त्या बाकड्यावर मलाही एकदा वाटलं, आपणच तो कॅमेरा घ्यावा आणि टाकावा पुसून. दिवस मावळायला आला. मी डबा उघडून पुढे केला, तर त्यांनी झाकण लावून तो परत माझ्याकडे सरकवला. मग डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "झालं. चांगलं झालं." मामांना ते कळायलाच वेळ लागला. कळल्यावर त्यांनी डॉक्टरांना सोडून माझेच पाय धरले.

चालत्याफिरत्या झाल्यावर मामींनी पहिलं काम काय केलं असेल, तर तो फोटो माझ्याकडून मोठा करून आणवला. मामांना पत्ता नाही. ते दुकानातून आले, तेव्हा मामी स्टुलाशेजारी उभ्या होत्या, हातात हातोडी, आणि भिंतीवर सासऱ्यांच्या, दिरांच्या आणि व्याह्यांच्या रांगेत त्यांचा स्वतःचा हसरा फोटो. मामा दारातच खाली बसले. मामी म्हणाल्या, "चढला न्हवं भिंतीवर? बघा नीट. फोटू वर हाय, मी खाली हाय. झालं तुमच्या फोटूचं समाधान. उठा आता, जेवायची येळ टळंल."

कॅमेरा परत देताना मामांनी बऱ्याच दिवसांनी अभिप्राय पाठवला. तो मी अजून जपून ठेवला आहे. "ह्यो कॅमेरा लई म्हंजे लईच चांगला हाय. कुणी घिऊ नका."

आता मामी बऱ्या आहेत. मामांची भीती काही गेली नाही. ती कुठली जाते म्हणा. सकाळी दुकानाला निघताना ते आधी त्या फोटोकडे बघतात. मग बाहेर पडायचं सोडून तिथेच उभे राहतात, सदऱ्याची बटणं उगीच चाचपत. आतून भांड्याचा आवाज येतो, नाहीतर मामी खोकतात, नाहीतर नळाला शिव्या घालतात. तो आवाज कानावर आला, की मगच मामा चपला पायात सरकवतात.